नागम्माची श्रीमंती

१

सोलापूरच्या त्या धर्मादाय रुग्णालयात गुंडाप्पा सकाळी नऊपासून बसला होता. सव्वाअकरा वाजता त्याला कळलं, की आपली थोरली बहीण श्रीमंत आहे.

"वर्षाला चार लाख ऐंशी हजार," समाजसेवा विभागाच्या बाई संगणकावरची नजर न काढता म्हणाल्या. "याच जानेवारीत निघालेला दाखला आहे. नागम्मा, मुक्काम सास्तूर, तालुका लोहारा. आधार क्रमांक तोच. म्हणून तर तुमचा बहात्तर हजारांच्या दाखल्याचा नवा अर्ज तहसीलनं फेटाळला."

गुंडाप्पानं भाच्याकडं पाहिलं. शिवशंकर खाली मान घालून हातातल्या रिपोर्टच्या पिशवीचा बंद पिळत होता.

नागम्माच्या हृदयाची झडप दगडासारखी झाली होती. छाती उघडून ऑपरेशन केलं तर सहासष्ट वर्षांचं ते शरीर टिकणार नाही, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सरकारी योजनेच्या यादीत ते बसत नव्हतं. खर्च सोळा लाख. या रुग्णालयात मात्र गरिबांसाठी राखीव खाटा होत्या. वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असेल तर सगळं फुकट, तीन लाख साठ हजारांच्या आत असेल तर निम्मं बिल, आणि त्याच्या वर गेलात तर तुम्ही नि तुमचं नशीब. डॉक्टरांनी मुदत दिली होती सहा आठवड्यांची.

"बाई, तिच्या घरात एक म्हैस आहे आन् अडीच एकर कोरडवाहू," गुंडाप्पा म्हणाला. "त्या रानावर बी दिराचा दावा चालू आहे. कोर्टाची मनाई असल्यामुळं विकता बी येत न्हाय."

"काका, मी कागद बघते. कागद चुकीचा असेल तर तहसीलमधून रद्द करून आणा. पण तो काढला कुणी, कशासाठी, ते तुम्हाला तिथं सांगावं लागेल."

गुंडाप्पा तीस वर्षं तलाठी होता. घरावरचे पत्रे बघायचे, दारातली गाडी बघायची आणि आकडा टाकायचा, यात त्याची हयात गेली होती. उत्पन्न कमी लिहा म्हणून हात जोडणारी माणसं त्यानं हजारांनी पाहिली. बंगलेवाल्यांनाही त्यानं साठ हजारांचे दाखले मिळताना पाहिले होते. वाढवून लिहा म्हणणारा एकही माणूस त्याला तीस वर्षांत भेटला नव्हता. आणि इथं कुणीतरी एका विधवेला गुपचूप श्रीमंत करून मरणाच्या दारात उभं केलं होतं.

"लिंबाजीकाकाच," परतीच्या बसमध्ये शिवशंकर पुटपुटला. "दावा त्यानंच लावलाय. दुसरं कोण असणार, मामा?"

२

सास्तूरच्या चौकात योगीराजचं सेवा केंद्र होतं. दाखले, उतारे, पीकविमा, सगळं तिथंच निघायचं. गुंडाप्पाला बघून योगीराजनं चहा सांगितला; पण जानेवारीतला अर्ज काढ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"तलाठीसाहेब, दिसाला पन्नास अर्ज असतेत. ध्यानात कसं राहील?"

"तुझ्या ध्यानात न्हाय, पर मशीनच्या ध्यानात आहे की. काढ."

छापून आलेला कागद गुंडाप्पानं चष्मा वर सरकवून दोनदा वाचला. अर्जदार, नागम्मा. व्यवसाय, शेती व दुग्धव्यवसाय. जनावरे, म्हशी सहा. तलाठ्याचा अहवाल, 'समक्ष पाहणी केली'. ही नवी तलाठी हर्षाली म्हणून एक तरुण मुलगी होती. पैसे खाणाऱ्यांतली ती नाही, असं गावात सगळे म्हणत. मग तिनं सहा म्हशी पाहिल्या तरी कुठं?

"हा मोबाईल नंबर कुणाचा रं?"

"अर्जदाराचाच असतोय. त्याच्यावर आकडा येतोय. तो घातल्याबिगर अर्ज फुडं सरकत न्हाय."

नंबर आक्काचाच होता. बटणांचा तो जुना फोन गुंडाप्पानंच तिला घेऊन दिला होता. म्हणजे ज्यानं हे केलं त्यानं तिचा फोन हातात घेतला होता, किंवा त्या दिवशी फोन इथं, या टेबलावर होता.

"कोण आलं होतं संगट?"

बाहेर कुणी नाही हे बघून योगीराजनं कागद उलटा केला आणि पंचांच्या सह्यांवर बोट ठेवलं. पहिली सही कुणा गावकऱ्याची होती. दुसरी ठसठशीत आणि ओळखीची होती. लिंबाजी.

"त्यांनीच फी भरली," योगीराज हळूच म्हणाला. "माझं नाव घेऊ नगा साहेब. लेकरंबाळं आहेत मला."

३

जिच्यावर दावा लावला त्याच भावजयीच्या कागदावर दिरानं पंच म्हणून सही करावी आणि वर फीही भरावी, याचा अर्थ सरळ होता. बाई श्रीमंत ठरली की कोर्टात गरीब विधवा म्हणून तिची कीव कुणी करायचं नाही. गुंडाप्पा तसाच लिंबाजीच्या घरी जाणार होता; पण वाटेत आक्काचं घर लागलं आणि पाय तिकडं वळले.

नागम्मा भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. कमरेला चंची, आणि चंचीत तो फोन.

"आक्का, ह्यो फोन कुणाजवळ देतीस का तू?"

"कुनाजवळ देऊ? झोपताना बी कमरंलाच असतंय." ती थांबत थांबत बोलत होती. "काय म्हनले सोलापूरचे?"

"व्हतंय म्हनले. एक कागद दुरुस्त करायचाय."

तिनं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि मग नजर काढून घेतली. बहिणीला आपण खोटं बोललो, याचं गुंडाप्पाला वाईट वाटलं. तिलाही कशाचं तरी वाईट वाटत होतं, हे त्याला तेव्हा दिसलं नाही.

तो मागच्या गोठ्यात गेला. समृद्धी, शिवशंकरची बायको, शेण भरत होती. ईट गावची पोरगी, लग्नाला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. लग्न जमलं तेव्हा गुंडाप्पा पुण्यात मुलाकडं होता. तो आला तो थेट अक्षता टाकायलाच.

दावणीला म्हैस एक होती. खुंट्या मात्र सहा. बाभळीच्या, एकाच मापाच्या, एकाच दिवशी ठोकलेल्या. गुंडाप्पा वाकला. म्हशीच्या खुंटीला दाव्यानं खोल खाच पडली होती. बाकीच्या पाच खुंट्यांची साल तशीच्या तशी होती.

"ह्या कशाला रं ठोकल्यात?" त्यानं मागं आलेल्या शिवशंकरला विचारलं.

"म्हशी घ्यायच्या होत्या," शिवशंकर म्हणाला आणि वैरण काढायच्या निमित्तानं निघून गेला.

समृद्धीनं घमेलं खाली ठेवलं. "मामा, एक इचारू? आत्याचा निराधारचा पगार फेब्रुवारीपासनं बंद हाय म्हनं. म्या दोनदा म्हनलं, चला तहसीलला जाऊन इचारू. आत्या नगं म्हनत्यात. तुमी सांगून बघा की."

गुंडाप्पा जागीच थांबला. तो महिन्याचा पगार त्यानंच तर मिळवून दिला होता. आठ वर्षांपूर्वी, तलाठी असताना, स्वतःच्या हातानं त्यानं नागम्माचं उत्पन्न वर्षाला एकवीस हजार असं लिहिलं होतं. तेही खोटंच होतं, पण असं खोटं सगळा जिल्हा लिहीत होता. तो पगार एक दिवस उशिरा आला तरी नागम्मा बँकेच्या पायरीवर जाऊन बसायची. कंडक्टरनं सुटे पैसे दिले नाहीत म्हणून लोहाऱ्यापर्यंत भांडत जाणारी ही बाई, पाच महिने पगार बंद आणि चकार शब्द नाही.

पगार का बंद झाला हे जिला ठाऊक नसतं, ती विचारायला जाते. जिला ठाऊक असतं ती गप्प बसते.

गुंडाप्पा लिंबाजीच्या घराकडं निघाला.

४

लिंबाजी अंगणात सुपारी कातरत बसला होता. त्यानं बसायला सांगितलं नाही. गुंडाप्पाही बसला नाही.

"पाव्हणं, कागद हातात घेऊन आलाव. कोर्टात लावायचाय काय?"

"न्हाय. एकच इचारायचंय, लिंबाजीराव. तुमच्या म्हशी आक्काच्या दावणीला किती दिस बांधल्या होत्या?"

अडकित्ता थांबला.

"तुमच्याकडं पाच म्हशी हाईत, सगळ्या गावाला ठाऊक हाय," गुंडाप्पा पुढं म्हणाला. "आक्काची एक. पाच आन् एक सहा. खुंट्या बी सहा, त्यातल्या पाचांवर दाव्याचा वरखडा न्हाय, मंजी जनावरं बांधली ती दिवस-दोन दिवस. तलाठीबाईनं येऊन बघितलं, तिला सहा दिसल्या, तिनं सहा लिहिल्या. तिचं काय चुकलं? आता मला सांगा, आक्काचं वाईट करायचं म्हणून म्हशी तुमी तिच्या गोठ्यात बांधल्या, तर तिनं त्या बांधू कशा दिल्या?"

लिंबाजीनं अडकित्ता खाली ठेवला.

"दोन दिस," तो म्हणाला. "पयल्या दिशी ईटचे पाव्हणे घर बघून गेले. दुसऱ्या दिशी तलाठीण आली. तिसऱ्या दिशी म्या माझ्या म्हशी सोडून आनल्या."

"दावा चालू असताना?"

"दावा रानाचा हाय, गुंडाप्पा. पोरगं माझ्या भावाचं हाय." त्यानं सुपारी तोंडात टाकली, पण चावली नाही. "चौतीस वर्साचा झाला. शाळंच्या गाडीवर डायवर. कोन देतंय पोरगी? वैनी चार वर्सात माझ्या उंबऱ्याला आली नव्हती. त्या दिशी आली आन् पदर पसरला. म्या न्हाय कसा म्हनू?"

"दाखला कुणाच्या डोक्यातनं निघाला?"

"ते तुज्या बहिनीला इचार," लिंबाजी म्हणाला. "पर जपून. ती कागद उकरू द्यायची न्हाय तुला."

५

नागम्मानं नाकबूल केलं नाही. तिला तेवढा श्वासही नव्हता.

"पोरीचा बाप आन्नासाहेब. घर बघितलं, म्हशी बघितल्या. मग म्हनला, तोंडी कुनी बी काय बी सांगतंय, तहसीलचा दाखला दावा. चार लाखाच्या वर असंल तर पोरगी देतो." ती थांबली, दम खाल्ला. "इतक्या वर्सांत सतरा ठिकानी नकार आला, गुंडू. सतरा. शिवा जेवताना बोलायचा बंद झाला व्हता. म्या गेले योगीराजकडं. फोन माझ्याच हातात व्हता."

"आक्का, लोक गरिबीचा खोटा कागद काढतेत. तू श्रीमंतीचा काढलास."

"तवा दम लागत नव्हता मला. आजार येनार म्हनून कुनी सांगितलंतं?"

गुन्हेगार सापडला होता आणि तीच मरत होती. सगळा जिल्हा वर्षानुवर्षं कागदावर कंगाल होऊन दवाखान्यात, शाळेत, रेशनवर सुखानं जगत होता, आणि या एका बाईनं पोराच्या लग्नासाठी दोन दिवसांची श्रीमंती मागून आणली, ती तिच्या छातीवर बसली. गुंडाप्पाला रडू आलं आणि रागही आला. कुणावर ते त्याला कळेना.

"उद्या लोहाऱ्याला जाऊ," तो म्हणाला. "तहसीलदारापुढं खरं सांगू. दाखला रद्द होईल."

"आन् ईटला कळंल."

"कळू दे."

"सून नांदतीय माझी. पोटूशी हाय, परवाच कळलंय. बाप येऊन घिऊन जाईल तिला. शिवा मग जगायचा न्हाय." तिनं त्याचा हात धरला. तिची बोटं गार होती. "म्या न्हाय येत. तू बी कुठं बोलायचं न्हाय. शपथ हाय तुला माझी."

दारात समृद्धी उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"आत्या," ती म्हणाली, "मला पयल्याच आठवड्यात कळलं. सहा म्हशींचं शेण किती निघतंय ते काय मला ठाव न्हाय व्हय? आमच्या घरी चार हाईत."

नागम्मानं डोळे मिटून घेतले.

"बाबांला म्या बोलले न्हाय. बोलले असते तर त्यांनी तवाच नेलं असतं मला. मला जायचं नव्हतं." तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "आता म्याच सांगते त्यांला. तुमी उद्या जावा मामा."

तिनं त्याच बैठकीला वडिलांना फोन लावला. आण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला. "आधी विहीणबाईंला बरं करा. बाकीचं मागनं बघू," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर जेवले. चार घास नागम्माच्याही पोटात गेले.

६

दाखला रद्द व्हायला चार आठवडे लागले. अर्ज, मग नोटीस, मग नोटिशीला उत्तर, मग सुनावणी. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा यंत्रणा बंद. गुंडाप्पा रोज लोहाऱ्याला जाऊन बसायचा. ज्या बाकावर तीस वर्षं लोक त्याची वाट बघत बसले, त्याच बाकावर आता तो होता. तहसीलदारांनी आजारपण बघून गुन्हा दाखल केला नाही, समज देऊन सोडलं. इकडं लिंबाजी दावा मागं घ्यायला तयार झाला. पण कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची होती, आणि तोवर रान विकता येत नव्हतं.

जुना दाखला रद्द झाला आणि नव्याची चौकशी पुन्हा हर्षालीकडं आली. तिनं या वेळी म्हैस मोजली, रान मोजलं, सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या मागितल्या, शाळेत जाऊन शिवशंकरचं पगारपत्रक आणलं. मग तिनं गुंडाप्पाला कार्यालयात बोलावलं आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. मुलाचा पगार एक लाख बत्तीस हजार. शेती बेचाळीस हजार. दूध अठरा हजार. एकूण एक लाख ब्याण्णव हजार.

गुंडाप्पानं बेरीज तीनदा केली. ती बरोबर होती.

"बाई, मर्यादा एक लाख ऐंशीची आहे."

"माहीत आहे, काका."

"बारा हजारांसाठी माणूस जाईल. दूध धरू नका. घरीच पितात म्हणून लिहा. आमच्या काळात आम्ही..." तो बोलता बोलता थांबला.

हर्षालीचे डोळे भरून आले होते. पण पेन तिनं उचललं नाही. "जानेवारीत डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं, तरी खोटं ठरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर उभं करून विचारलं मला. आता या फाईलवर सगळ्यांचं लक्ष आहे. एक रुपया इकडचा तिकडं झाला तर माझी नोकरी जाईल, आणि तुमचा हाही दाखला रद्द होईल."

"मुलाला विभक्त दाखवलं तर?"

"रेशनकार्ड वेगळं व्हायला तीन महिने तरी लागतात."

गुंडाप्पा बाहेर आला. जिल्ह्यातल्या लाखो खोट्या कागदांत हा एक कागद खरा निघाला होता, आणि तो अक्षरन् अक्षर खरा होता. त्याच्या जोरावर सोलापुरात निम्मं बिल माफ होणार होतं. उरलेले आठ लाख कुठून आणायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिवशंकर सोयऱ्याधायऱ्यांकडं, पतसंस्थेत, सगळीकडं फिरून आला होता. एक लाखाच्या पुढं गाडी सरकली नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टरांनी दिलेल्या सहा आठवड्यांतले पाच त्या दिवशी पुरे झाले. नागम्माचे पाय सुजून टम्म झाले होते. समृद्धी तिच्या पाठीशी उशी लावून बसली होती. गुंडाप्पानं चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि मग त्याला सांगावंच लागलं.

"किती जास्त भरलं?" नागम्मानं विचारलं.

"बारा हजार."

"वर्साला?"

"व्हय. वर्साला."

ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत राहिली. आयुष्यभर तिनं असंच घर चालवलं होतं. इथलं काढून तिथं लावायचं आणि भागवायचं.

"शिवानं गाडीवरचं काम सोडलं तर? मग बसंल का त्यात?"

"न्हाय बसत, आक्का. गेल्या सालचं धरतेत."

"मंजी आता सोडलं, तर फुडल्या सालच्या कागदात कमी दिसंल."

गुंडाप्पाला तिच्या तोंडाकडं बघवेना. "व्हय," तो म्हणाला. "फुडल्या सालच्या कागदात दिसंल."

"मग फुडल्या साली बघू," नागम्मा म्हणाली, आणि श्वास घेण्यासाठी पुढं वाकली.